पेन्सिलीनं पाहिलेलं बंगळुरू

बंगळुरूला जाणाऱ्या मराठी पाहुण्याचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. सकाळी लालबाग, दुपारी विधानसौधासमोर घरच्यांचा फोटो, संध्याकाळी एम. जी. रोडची चक्कर, जमल्यास म्हैसूर सिल्कची एखादी साडी आणि दुसऱ्या दिवशी पहाटे म्हैसूरची गाडी. दीड दिवसात शहर आटोपतं. गेल्या हिवाळ्यात मी याच शहरात पाच दिवस राहिले आणि तेवढ्या दिवसांत जेमतेम पाच इमारती पाहिल्या. पण त्या अशा पाहिल्या, की आजही डोळे मिटून त्यांच्या पायऱ्या मोजता येतील. मला शहर दाखवणारी व्यक्ती कॅमेरा घेऊन फिरत नव्हती. तिच्या खांद्याला झोळी होती आणि झोळीत वही, तीन पेन्सिली, खोडरबर आणि मोजपट्टीची टेप.

ही माझी भाची. थोरल्या बहिणीची मुलगी, साताऱ्यात वाढलेली आणि आता बंगळुरूच्या एका आर्किटेक्चर कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकणारी. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकलेच्या परीक्षांत तिला 'ए' ग्रेड होती. स्मरणचित्र म्हणू नका, वस्तुचित्र म्हणू नका, संकल्पचित्र म्हणू नका, सगळ्यात हात चालायचा. गल्लीतल्या लग्नात दारची रांगोळी तिची आणि गणपतीच्या आराशीमागचा पडदाही तिचाच. "पोरीची चित्रकला चांगली आहे, आर्किटेक्चरला घाला," असं येणारा-जाणारा सांगायचा. बारावीनंतर तिनं 'नाटा' ही प्रवेशपरीक्षा दिली, नंबर लागला आणि ट्रंक, गादी, रंगपेटी घेऊन ती बंगळुरूला पोहोचली.

पहिल्याच सहामाहीत गाडी अडली. शाळेत ज्या हाताचं कौतुक झालं होतं, त्याच हातानं काढलेले कागद परत येऊ लागले. एका कागदावर तिच्या सरांनी दोनच वाक्यं लिहिली होती. "चित्र सुंदर आहे. पण यातून मला घर कळत नाही." मुलगी रात्री फोनवर रडायची, सुट्टीत घरी आली तरी गप्प असायची. दुसरं वर्ष सुरू झालं तरी तिचा सूर बदलेना, तेव्हा ताईचा धीर सुटला. "तू एकदा जाऊन बघ," ती मला म्हणाली. "तिला झेपत नसेल तर सरळ घेऊन ये. एक वर्ष वाया गेलं तर गेलं." माझ्या बंगळुरूच्या प्रवासाचं कारण हे होतं.

करंजी कापल्याशिवाय सारण दिसत नाही

पहिल्या संध्याकाळी तिच्या खोलीवर गेले. चार मुलींची खोली. पलंगांपेक्षा ड्रॉइंग बोर्डांनीच जास्त जागा अडवलेली. दाराआड टी-स्क्वेअर टांगलेला, कोपऱ्यात ट्रेसिंग पेपरच्या गुंडाळ्या, खिडकीत २ एचपासून ६ बीपर्यंतच्या पेन्सिली ओळीनं मांडलेल्या. कठीण शिशाच्या पेन्सिलीनं बारीक, फिकट रेषा येते आणि मऊ शिशाच्या पेन्सिलीनं जाड, काळी. हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. पण इथं त्या जाडी-बारकाईला अर्थ असतो, असं तिनं मला समजावलं.

"मावशी, शाळेत आम्ही घर काढायचो म्हणजे काय काढायचो? समोरून दिसणारी भिंत, दोन खिडक्या, वर कौलं, मागं डोंगर. इथं घर कापायला शिकवतात."

तिनं एक कागद पसरला. समजा, एखाद्या घराला जमिनीपासून सुमारे चार फुटांवर आडवी सुरी लावली आणि वरचा भाग उचलून बाजूला ठेवला. आता वरून खाली पाहिलं तर भिंतींची जाडी, दारं, खिडक्या, खोल्यांची रचना दिसेल. हा झाला प्लॅन. तीच सुरी उभी चालवली आणि घराचे दोन भाग केले, तर पाया, जमीन, जिना, छताची उंची दिसेल. हा झाला सेक्शन, म्हणजे छेद. समोरून सरळ पाहिलं तर एलिव्हेशन, म्हणजे दर्शनी बाजू. सुरीनं जे कापलं गेलं ती रेषा जाड, जे पलीकडं दिसतं ती बारीक. रेषेची जाडी चुकली, तर गवंड्याला भिंत कुठली आणि पायरीची कड कुठली हे कळणार नाही.

मला आपली दिवाळीची करंजी आठवली. कितीही सुबक मुरड घातली तरी आत सारण किती भरलंय हे कापल्यावरच समजतं. भाचीला ही उपमा फार पटली. ती म्हणाली, "मी वर्षभर नुसती मुरडच काढत होते. सर विचारत होते सारणाबद्दल."

तिला चित्र येत नव्हतं असं नाही. तिला येत होतं ते वेगळं चित्र होतं. पाहणाऱ्याला आनंद देणारं. इथं मागत होते ते बांधणाऱ्याला सांगणारं. जो हात एका गोष्टीत तयार झालेला असतो, त्याला दुसरी शिकताना जास्त त्रास होतो. कोऱ्या पाटीवर लिहिणं सोपं, लिहिलेलं पुसून पुन्हा लिहिणं अवघड.

लालबागेतला काचमहाल

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही लालबागेत होतो. हैदरअलीनं १७६० मध्ये सुरू केलेली आणि त्याचा मुलगा टिपू यानं वाढवलेली ही बाग आज सुमारे २४० एकरांवर पसरली आहे. फिरायला आलेली पेन्शनर मंडळी, कानटोप्या घातलेल्या आज्या आणि मधेच दिसणारा तो प्रचंड उघडा खडक. हा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा असल्याचं भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. त्यावर केंपेगौडाच्या नावानं ओळखला जाणारा छोटा मनोरा आहे. याच केंपेगौडानं १५३७ मध्ये बंगळुरूची पेठ वसवली.

आम्ही थांबलो ते काचमहालापाशी. लोखंड आणि काच यांची ही देखणी वास्तू लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवरून बेतलेली. पायाभरणी १८८९ ची. प्रजासत्ताकदिनाच्या आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास इथं फुलांचं प्रदर्शन भरतं, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी मात्र ती शांत होती.

भाची जमिनीवर मांडी घालून बसली आणि मला उभं राहायला सांगितलं. "तुला समोरच्या खांबांच्या ओळी कुठं मिळताना दिसतात?" मी बोट दाखवलं. "आता खाली बस आणि सांग." मी बसले आणि चकित झाले. सगळ्या रेषा जिथं एकत्र येतात तो बिंदू माझ्याबरोबर खाली आला होता! डोळ्यांच्या वरच्या रेषा त्या बिंदूकडं उतरत जातात, डोळ्यांच्या खालच्या चढत येतात आणि बिंदू नेहमी आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असतो. ही यथादर्शनाची साधी युक्ती. पण तिनं त्यातून काढलेला अर्थ मला महत्त्वाचा वाटला. "म्हणजे मावशी, पाच वर्षांच्या मुलाला हीच इमारत वेगळी दिसते. व्हीलचेअरवरच्या माणसाला वेगळी. मी चित्र काढताना कोणाच्या डोळ्यांनी बघतेय, ते आधी ठरवावं लागतं."

घर बांधताना खिडकीचा कठडा किती उंच ठेवायचा, स्वयंपाकाचा ओटा किती उंच घ्यायचा, हे प्रश्न कुणाच्या डोळ्यांचे आणि कुणाच्या कंबरेचे असतात, हे आपण बायका चांगलं जाणतो. शिवाय गंमत अशी, की आपल्या महाराष्ट्राचाही त्या मूळ लंडनच्या क्रिस्टल पॅलेसशी एक दुखरा संबंध आहे. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती काढण्याचं काम मिळालं. गिल आणि पारो यांची कहाणी मराठी वाचकाला नवी नाही. गिलनं वर्षानुवर्षं खपून केलेल्या त्या प्रतिकृती क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या आणि १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक भस्मसात झाल्या. पुढं १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली पुन्हा अजिंठ्यात जाऊन बसले आणि त्यांनी नव्यानं प्रतिकृती केल्या. त्यांतल्याही कित्येक १८८५ मध्ये लंडनमध्ये आगीतच गेल्या. कागद असा नाजूक. तरीही माणसं चित्रं काढायची थांबली नाहीत.

पायरीवरचा माणूस

दुपारी आम्ही डॉ. आंबेडकर वीथीवर आलो. रस्त्याच्या एका बाजूला विधानसौध, दुसऱ्या बाजूला लाल रंगाचं उच्च न्यायालय. विधानसौधाची कोनशिला १३ जुलै १९५१ रोजी पंडित नेहरूंनी बसवली आणि मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्या यांच्या आग्रहातून १९५६ मध्ये ही ग्रॅनाइटची भव्य वास्तू उभी राहिली. आत सहजी प्रवेश मिळत नाही. पण समोरच्या पदपथावरून पाहायला कोण अडवणार?

भाचीनं पाच मिनिटांत पायऱ्या, खांब, घुमट कागदावर उतरवले. मी म्हटलं, "झालं की! हुबेहूब." ती हसली. "आता हे बघ." तिनं पायऱ्यांवर पेन्सिलीनं एक टिचभर माणूस काढला, हातात पिशवी असलेला. आणि एका क्षणात ती इमारत अवाढव्य झाली. त्याआधी ती एखाद्या शोकेसमधल्या मूर्तीएवढीही असू शकली असती. दर्शनी मंडपातले बारा खांब प्रत्येकी चाळीस फूट उंच आहेत, म्हणजे एकावर एक सात माणसं. आकडा वाचून ते मनात शिरलं नव्हतं, त्या टिचभर माणसानं शिरवलं.

पहिल्या वर्षी तिच्या चित्रांत माणसंच नसायची. "मला वाटायचं, माणसं आली की चित्र घाण होतं," ती म्हणाली. "सर म्हणाले, माणूस नसलेली इमारत कोणासाठी बांधतेस?"

समोरच्या लाल इमारतीचं जुनं नाव 'अठरा कचेरी'. आपल्याला मराठीच वाटावं असं. १८६८ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीत सरकारची अठरा खाती होती, म्हणून हे नाव. १९८० च्या दशकात ती पाडून नवी बांधायचं सरकारनं योजलं होतं. शहरातल्या जागरूक नागरिकांनी विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि जी इमारत पाडायची त्याच इमारतीत बसून न्यायाधीशांनी तिचा खटला ऐकला. अखेर ती वाचली. आज कब्बन पार्कच्या हिरव्या झाडीपुढं तिचा लाल रंग पाहताना, हे सगळं आपण गमावून बसलो असतो, या विचारानं अंगावर काटा येतो.

पण प्रत्येक इमारतीच्या नशिबी असा खटला नसतो. हे दुसऱ्याच दिवशी कळलं.

मल्लेश्वरमच्या अज्जी

मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या बंगळुरूच्या जुन्या वस्त्या. १८९८ च्या प्लेगनंतर दाटीवाटीच्या पेठेतून लोक बाहेर पडले आणि इथं मोकळी घरं बांधून राहिले. पुण्याच्या प्लेगच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्याला हे ओळखीचं वाटतं. मल्लेश्वरमला नाव मिळालं ते काडू मल्लेश्वराच्या देवळावरून. 'काडू' म्हणजे रान, रानातला मल्लेश्वर. हा परिसर एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत होता आणि या देवळाला शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी दिलेल्या दानाचा १६६९ सालचा शिलालेख आहे. देवळाच्या पायऱ्या चढताना साताऱ्याच्या मुलीची मान जरा ताठ झाली, हे मी पाहिलं.

देवळापासून थोड्या अंतरावर एका जुन्या घराचं मोजमाप करायचं काम तिच्या गटाला मिळालं होतं. बैठं घर, मंगळुरी कौलं, पुढं छोटी बाग आणि खिडक्यांवर लाकडी पट्ट्यांची टोकदार झालर. या झालरीला बंगळुरूचे लोक 'मंकी टॉप' म्हणतात. ऊन अडतं, पाऊस अडतं, वारा मात्र आत येतो. शहरात अशी घरं झपाट्यानं कमी होत चालली आहेत. हे घरही संक्रांतीनंतर बिल्डरच्या ताब्यात जाणार होतं. मालकीणबाईंची मुलं परदेशी, घर सांभाळणं त्यांना एकटीला झेपत नव्हतं. दोष कोणालाच देता येत नाही.

आजीला कन्नडमध्येही 'अज्जी'च म्हणतात. त्यामुळं भाषेची अर्धी अडचण दारातच मिटली. "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का, असं विचारत अज्जींनी आम्हाला आत घेतलं.

मोजमापाचं काम पाहण्यासारखं होतं. दोघी टेप धरतात, तिसरी आकडे ओरडून सांगते, चौथी लिहिते. नुसती लांबी-रुंदी घेऊन भागत नाही. खोलीचे दोन्ही कर्णही मोजावे लागतात. कर्ण सारखे आले तरच कोपरे काटकोनात. पुढच्या खोलीचे कर्ण तीन इंचांनी चुकले. मुलींना वाटलं, आपलंच मोजमाप चुकलं. तीनदा मोजलं, तेवढंच आलं. मग अज्जींनी सांगितलं, की त्या कोपऱ्यात फणसाचं झाड होतं. सासऱ्यांना ते तोडवेना, म्हणून भिंत किंचित तिरपी घेतली. झाड कधीच गेलं. तिरपी भिंत राहिली. फोटोत ती कोणाच्या लक्षात आली नसती.

या पद्धतीला 'मेझर्ड ड्रॉइंग' म्हणतात. मुंबईच्या जे. जे. मध्ये १९२३ ते १९४३ अशी वीस वर्षं वास्तुकला विभागाचे प्रमुख असलेले क्लॉड बॅटली यांचा यावर फार भर होता. भारतातल्या जुन्या इमारतींच्या अशा मोजून काढलेल्या चित्रांचं त्यांचं पुस्तक १९३४ मध्ये निघालं. आधी जुनं मोजा, मग नवं काढा, असा हा शिरस्ता.

भाचीच्या वाट्याला ओटा आला होता. कन्नडमध्ये त्याला जगली म्हणतात. ओट्यालगतच्या खिडकीचा कठडा तिला फारच खाली वाटला, जमिनीपासून जेमतेम दीड फूट. "एवढा खाली का ठेवला असेल?" ती पुटपुटली. अज्जी काही न बोलता खिडकीशी जाऊन जमिनीवर बसल्या, एक हात कठड्यावर टेकवला आणि बाहेर पाहू लागल्या. भाजी निवडता निवडता रस्ता दिसावा म्हणून. त्या काळी सासुरवाशिणीला रस्त्याकडं बघायची तेवढीच सोय होती. भाचीनं वहीत आधी अज्जींना काढलं आणि मग त्यांच्याभोवती खिडकी. कठड्याची उंची तिनं त्यांच्या कोपराच्या रेषेला लिहिली.

संध्याकाळी कच्चा प्लॅन अज्जींना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, कागद वळवून वळवून पाहिला आणि बोट ठेवून विचारलं, "हे स्वयंपाकघर ना?" मग त्या बोटानंच घरभर चालत निघाल्या. देवघर, न्हाणीघर, मागचं दार. एका भिंतीपाशी थांबल्या. इथं माझं शिवणयंत्र असायचं, म्हणाल्या. भाचीनं विचारलं, "काढू?" आणि तुटक रेषेनं तिथं शिवणयंत्र काढलं. आता तिथं नसलेली वस्तू तुटक रेषेनं दाखवायची, असा तिचा हिशेब.

"मला याची एक प्रत देशील?" अज्जींनी विचारलं. "फोटो पुष्कळ आहेत माझ्याकडं. पण फोटोत घरातली माणसं आहेत, घर नाही."

भाची रात्री दोनपर्यंत बोर्डावर वाकून होती. मी झोपेचं सोंग घेऊन पाहत होते. त्या रात्री तिनं मार्कांचं नावही काढलं नाही.

पुण्याच्या मुलाची इमारत

शेवटची भेट बन्नेरघट्टा रस्त्यावरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटची. कॉलेजनं आगाऊ परवानगी काढली होती, त्या गटामागून मलाही जाता आलं. 'थ्री इडियट्स' सिनेमातलं कॉलेज म्हणून ही जागा पुष्कळांनी पडद्यावर पाहिली आहे. तिचे रचनाकार बाळकृष्ण दोशी. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या वास्तूचं काम त्यांनी १९७७ मध्ये हाती घेतलं आणि ते टप्प्याटप्प्यानं बरीच वर्षं चाललं.

दोशी हे पुण्याचे. २६ ऑगस्ट १९२७ चा जन्म, घरचा धंदा फर्निचरचा. १९४७ मध्ये, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, ते जे. जे. मध्ये वास्तुकला शिकायला आले. पुढं लंडन आणि मग पॅरिसला ल कॉर्ब्यूझिए या जगप्रसिद्ध वास्तुकाराकडं. फ्रेंच येत नव्हतं आणि पहिले आठ महिने पगारही नव्हता. भाषा नाही तिथं बोलायचं कशानं? रेषेनं! २०१८ मध्ये वास्तुकलेचं नोबेल म्हणवलं जाणारं प्रित्झकर पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. जानेवारी २०२३ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

ही इमारत समोरून दिसतच नाही. म्हणजे 'हा पाहा दर्शनी भाग' असं म्हणून फोटो काढावा अशी एक जागाच नाही. आहेत ते लांबच लांब मार्ग, करड्या ग्रॅनाइटच्या ओबडधोबड भिंती, वर कुठं छत तर कुठं नुसत्या तुळया आणि त्यांतून झिरपणारं ऊन, वेली, मधेच उघडणारे चौक. फतेहपूर सिक्रीच्या अंगणांवरून दोशींना ही कल्पना सुचली. वर्गातून बाहेर पडलेल्या मुलांना चालता चालता भेटता यावं, बोलता यावं, म्हणून एवढे मार्ग. शिक्षण वर्गाबाहेरही होतं, यावर त्यांचा विश्वास.

मुलं जागा पकडून बसली. भाचीनं सुरुवातीला एक भिंत काढली, खोडली. दुसरी काढली, खोडली. मग तिनं उठून मार्गाची पावलं मोजली आणि पुन्हा बसून सेक्शन काढला. जमीन, दोन बाजूंच्या भिंती, वरच्या तुळया आणि मधून तिरपं येणारं ऊन. चालणारी दोन माणसं. भिंतींपेक्षा मधली मोकळी जागाच ठळक दिसत होती. "इथं भिंत काढायचीच नव्हती," ती म्हणाली. "भिंतींनी काय धरून ठेवलंय ते काढायचं होतं."

बरोबरच्या शिक्षकांनी मुलांना आणखी एक गोष्ट सांगितली. दोशी आपल्या काही प्रकल्पांची चित्रं राजस्थानी-मुघल लघुचित्रांच्या धर्तीवर काढत. त्यांत झाडं, पक्षी, माणसं, अंगणं असत आणि एकाच चित्रात वरून दिसणारं आणि समोरून दिसणारं शेजारी शेजारी नांदे. रंग तर असे, की जत्रा भरावी. भाचीचे डोळे चमकले. आमच्या परतीच्या बसमध्ये ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, म्हणजे माझी रांगोळी फुकट नाही गेली. फक्त तिची पाळी नंतर येते."

मोबाइलच्या जमान्यात पेन्सिल कशाला?

हा प्रश्न मी तिला विचारला, कारण ताईनंही तो विचारला असता. 'ऑटोकॅड' हा संगणकावर आराखडे काढण्याचा प्रोग्राम १९८२ मध्ये आला आणि आज कुठल्याही आर्किटेक्टच्या ऑफिसात टी-स्क्वेअर औषधालाही सापडत नाही. भाचीच्या कॉलेजातही वरच्या वर्गांची सगळी कामं संगणकावरच होतात. तिनं ते नाकारलं नाही. संगणक सरळ रेषा तिच्यापेक्षा चांगली काढतो, हे तिला मान्य आहे. "पण कुठली रेषा काढायची, ते तो मलाच विचारतो," ती म्हणाली.

ल कॉर्ब्यूझिए यांनीही तरुणपणी प्रवासात कॅमेरा वापरून पाहिला होता आणि पुढं तो बाजूला ठेवून पेन्सिलच धरली होती. कॅमेरा आपल्यासाठी बघून घेतो आणि आपण बघायचं राहून जातो, अशी त्यांची तक्रार. मोबाइलमध्ये हजार फोटो भरून सहलीहून परतणाऱ्या आपणा सगळ्यांनाच ही लागू पडते. मी स्वतः काही चित्रकार नाही. पण त्या पाच दिवसांत कोऱ्या कागदावर जे काही वेडंवाकडं गिरवलं, तेवढंच मला बंगळुरूचं लख्ख आठवतं.

ज्यांच्या घरात बारावीची मुलं आहेत, त्यांच्यासाठी चार शब्द. आर्किटेक्चरचा कोर्स पाच वर्षांचा आहे. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची 'नाटा' ही परीक्षा २००६ पासून घेतली जाते. पदवीनंतर या कौन्सिलकडं नोंदणी झाल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, असा १९७२ चा कायदा आहे. मुलाची चित्रकला चांगली असेल तर उत्तमच, पण तेवढ्यावर निर्णय घेऊ नका. त्याला वस्तू उघडून आत काय आहे ते पाहायची हौस आहे का, जिना चढताना पायऱ्या मोजाव्याशा वाटतात का, हे पाहा. आणि ज्याची चित्रकला बेताची आहे, त्यालाही लगेच नाही म्हणू नका. रेषा सरावानं येते. पहिल्या वर्षी कागद परत आले, म्हणून मूल वाया गेलं असं समजू नका. त्याच्या हातावरचं जुनं वळण पुसलं जात असतं, ते दुखतंच.

परत येताना गाडीतून ताईला फोन केला. "घेऊन येतेस ना तिला?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "तिला वेळ नाही. अज्जींची प्रत शाईनं पक्की करायची राहिली आहे, आणि संक्रांत तोंडावर आली."